रोल बाहेर धुवायला देऊ नका

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात ‘रोलवाला कॅमेरा आहे का’ असं विचारत येणारं गिऱ्हाईक आता बऱ्याचदा विशीतलं असतं. त्याला कळायला लागलं तेव्हा घरातला शेवटचा रोल कधीच संपला होता आणि कॅमेरा माळ्यावर गेला होता. ही हौस एकट्या मुंबईची नाही. कोडॅकनं २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्मचं तेरावं उरकून सगळे मोकळे झाले होते. त्याच कोडॅकनं बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. इंग्लंडातल्या हार्मननं २०२३ च्या अखेरीस फिनिक्स नावाची नवी रंगीत फिल्म काढली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सनं ‘१७’ हा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा विकायला ठेवला. माल बनवणाऱ्यांना धंदा दिसतोय एवढं नक्की.

पण या नव्या हौशींचं पुढे काय होतं ते पाहा. रोल घेतला, छत्तीस फोटो काढले, लॅबला दिला. लॅबनं यंत्रात धुतला, स्कॅन केला आणि फोनवर लिंक पाठवली. त्यातले चार इन्स्टाग्रामवर गेले. निगेटिव्ह मात्र लॅबमध्येच. न्यायला कोणी फिरकत नाही, पाकिटांचे गठ्ठे साठतात आणि एक दिवस साफसफाईत जातात. मूळ वस्तू कचऱ्यात आणि हातात पुन्हा एक डिजिटल फाइलच, फोननं फुकटात दिली असती तशी. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून खर्च दीड हजाराच्या आसपास जातो, म्हणजे फोटोमागे चाळीसेक रुपये. पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवता परत येण्यातला हा प्रकार आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. फिल्मची खरी मजा कॅमेऱ्यापेक्षा पाण्यात जास्त आहे. ज्याला ती हवी त्यानं दुसरा कॅमेरा घेण्याआधी धुण्याची टाकी घ्यावी. आणि ज्या महाविद्यालयांनी, छायाचित्र मंडळांनी आपल्या डार्करूमचं स्टोअररूम करून टाकलं आहे, त्यांनी ती खोली रिकामी करावी.

फिल्मच्या बाजूनं दोन कारणं हमखास दिली जातात. पहिलं, तिचे रंग. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते आणि चित्र उलटं असतं. ते सुलट करताना कोणता रंग किती ठेवायचा हे स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस ठरवतो. एकच निगेटिव्ह नोरित्सू आणि फ्रंटियर या लॅबमधल्या दोन स्कॅनरवर स्कॅन करून पाहा, त्वचेचा रंग वेगळा येईल. तेव्हा ज्याला आपण फिल्मचा रंग म्हणून डोक्यावर घेतो, त्यात लॅबवाल्याचा वाटा मोठा असतो. (स्लाइडची गोष्ट वेगळी, तिथे फिल्मवर दिसतं तेच चित्र.) दुसरं कारण, संथपणा. छत्तीसच फोटो आहेत म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो, म्हणे. नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा. अक्षता पडायच्या आत रोल संपायचा आणि दुसरा भरला जायचा, विचार-बिचार काही नसे. आणि छत्तीसचीच मर्यादा हवी असेल तर ती फोनवरही पाळता येते, त्यासाठी चांदी लावलेली पट्टी विकत घ्यायची गरज नाही.

फोन जे देत नाही ते वेगळंच आहे. तो एका दाबात अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उचलतो, आभाळ सावरतो. फोटो बिघडला तर का बिघडला ते कळत नाही, आणि चांगला आला तरी का आला तेही कळत नाही. फिल्मवर प्रत्येक चुकीला कारण असतं, आणि ते कारण पट्टीवर लिहिलेलं असतं. ते वाचता यायला लागलं की जी मजा सुरू होते, ती मोटारसायकलचा कार्ब्युरेटर स्वतः उघडून साफ करणाऱ्याच्या मजेच्या जातीची आहे.

हे वाचणं कसं असतं ते जवळून पाहू. धुऊन वाळलेली निगेटिव्ह खिडकीकडे धरा. नजर चौकटींवर जाईल, पण आधी काठ पाहा. भोकांच्या बाजूला फिल्मचं नाव आणि चौकटींचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशानं उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही, ते दिसायला फक्त डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, लागतं. म्हणून ते साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात. आकडे काळे ठळक आणि चौकटी मात्र पातळ, सावल्यांच्या जागी कोरी फिल्म, असं असेल तर धुण्यात दोष नाही. प्रकाश कमी पडला. आकडेही फिके असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. डेव्हलपर थंड होता, जुना होता किंवा वेळेआधी ओतून काढला गेला. आकडे स्पष्ट आणि चौकटींच्या जागी काहीच नाही? रोल पुढे सरकलाच नाही, आत फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, निसटली. ही चूक नवशिक्याकडून हमखास होते, आणि ती टाळायला एक सेकंद पुरतो: रोल भरल्यावर डावीकडची गुंडाळायची कळ हलकेच फिरवून ढील काढा, मग पुढचा फोटो सरकवताना ती कळ आपोआप फिरते का पाहा. फिरत नसेल तर तुम्ही हवेत फोटो काढताय.

आकडेही नाहीत आणि अख्खी पट्टी काचेसारखी स्वच्छ, म्हणजे डेव्हलपर मेलेला होता किंवा बाटल्यांची अदलाबदल होऊन हायपो (चित्र पक्कं करणारा फिक्सर) आधी पडला. यावर इलाज नाही. पट्टी दुधाळ, धुरकट दिसली तर मात्र घाबरू नका. हायपो दमलेला होता किंवा वेळ कमी दिला. ताज्या हायपोत पुन्हा पाच मिनिटं बुडवा, दुसऱ्या दिवशीसुद्धा साफ होते. प्रत्येक चौकटीत त्याच जागी काठाकडून आत आलेला काळा ओघळ असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या दाराचा प्रकाश अडवणारा फोम गेला आहे. जुन्या जपानी कॅमेऱ्यांत हा फोम डांबरासारखा चिकट होऊन विरतो. स्पिरिटनं खरवडून काढा आणि त्या खाचेत काळी लोकर बसवा, काम झालं. भोकांच्या शेजारी गडद पट्टे दिसले तर टाकी जोरजोरात हलवली गेली. प्रिंटमध्ये गोल काळे ठिपके आले तर उलट, टाकी भरल्यावर ओट्यावर आपटायची राहिली आणि फिल्मला बुडबुडे चिकटून बसले. नखाएवढी चंद्रकोर दिसली तर टाकीतल्या रिळावर चढवताना फिल्मला चिमटा बसला.

लॅबच्या स्कॅनमध्ये यातलं बरंच काही दिसत नाही. यंत्र पातळ चौकटही आपणहून उचलून धरतं. राखाडी, खरखरीत सावल्या येतात आणि नवशिक्याला वाटतं, वा, काय जुना लूक आला! त्याच्या कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चुकतोय हे त्याला दहा रोलनंतरही कळत नाही.

मग घरी धुणं अवघड आहे का? ब्लॅक अँड व्हाइट तर अजिबात नाही. त्यासाठी डार्करूमही लागत नाही. फिल्म टाकीत जाईपर्यंतच काळोख हवा आणि तो चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत मिळतो. एका रिळाची टाकी (पॅटर्सन कंपनीची असते तशी), एक चांगला थर्मामीटर, मापाचा जार, तीन बाटल्या, कपड्यांचे चिमटे, एवढंच सामान. ३५ मिमीच्या एका रिळाला ३०० मिली द्रावण पुरतं.

खरी कसोटी रिळावर फिल्म चढवण्याची. एक रोल वाया घालवून आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत सराव करा. फिल्मची जीभ सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल केले की ती रिळात अडकत नाही. रीळ हाडासारखं कोरडं हवं. मागच्या रोलचं पाणी खाचेत राहिलं असेल तर फिल्म अर्ध्यात रुतून बसते. आपल्याकडे मे महिन्यात बॅगेतले हात पाच मिनिटांत घामेजतात आणि तोच परिणाम होतो. अडकली तर जोर करू नका. फिल्म टाकीत टाका, झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, थंड व्हा, मग पुन्हा बसा. पंखा लावून, शक्य असेल तर पहाटे हे काम करणारे शहाणे.

आता तापमान. पाकिटावरच्या वेळा २० अंशांच्या असतात. तो थंड देशांतल्या नळाचा हिशेब आहे. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात तिशी गाठतं. म्हणून २० चा हट्ट सोडून २४ धरा. एचपी५ प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, तो एकास एक पातळ करून, २० अंशांना १३ मिनिटं लागते. २४ ला सुमारे ९ मिनिटं. साधारण तीस टक्के वेळ कमी होतो, हा अडाखा बहुतेक डेव्हलपरना लागू पडतो. बादलीत पाणी घेऊन त्यात बर्फाची बांधलेली पिशवी सोडा आणि सगळ्या बाटल्या त्यात उभ्या करा. बर्फाचा खडा थेट डेव्हलपरमध्ये टाकाल तर तो पातळ होईल आणि हिशेब गेला. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येत असेल तर द्रावण आणखी पातळ करा, कारण एवढ्या थोड्या वेळात ओतण्या-काढण्याचे दहा-वीस सेकंदही डाग पाडतात. आणि नुसता डेव्हलपर थंड करून पुढचं पाणी नळाचं कोमट घेऊ नका. जिलेटिनचा थर एकदम फुगला की त्यावर बारीक जाळी पडते, तडकलेल्या चिखलासारखी. पहिल्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत सगळं दोन-तीन अंशांच्या आत ठेवा.

डेव्हलपर ओतला की टाकी दोनदा ओट्यावर आपटा. दर मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा शांतपणे उलटी-सुलटी करा. वेळ संपायच्या दहा सेकंद आधी बाहेर ओतायला लागा. मग स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्ल. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर एकास तीन पाण्यात मिसळलं तरी चालतं, अर्धा मिनिट पुरे. मग फिक्सर. जुने स्टुडिओवाले सगळ्यालाच हायपो म्हणत. रॅपिड फिक्सर एकास चार असेल तर तीन ते पाच मिनिटं. किती वेळ द्यायचा ते बाटलीवरून ठरवण्यापेक्षा कापलेल्या जिभेचा तुकडा उजेडात फिक्सरमध्ये टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्याच्या तिप्पट वेळ फिल्मला द्या. ताज्या द्रावणाच्या दुप्पट सेकंद लागायला लागले की ते द्रावण बाद.

पाणीटंचाईच्या गावात तासभर नळ सोडून फिल्म धुणं हे पाप आहे आणि त्याची गरजही नाही. टाकी भरा, पाच वेळा उलटवा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. इलफर्डनं सांगितलेली ही पद्धत आहे आणि तिला लिटरभर पाणी पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर चुन्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं तसं. त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी डाग न ठेवता निथळावं यासाठीच्या द्रवाचे, दोन-तीन थेंब. भांड्याचा साबण चालतो असं छातीठोक सांगणारे भेटतील. त्यातला रंग आणि वास फिल्मवर कशाला? मग न्हाणीघरात, पंखा बंद करून, खाली चिमट्याचं वजन लावून टांगा. पावसाळ्यात रात्रभर लागते. बोटानं निपटून घाई केलीत की आडवा ओरखडा कायमचा.

रंगीत रोल घरी धुता येतो, आणि गंमत म्हणजे आपलं हवामान इथे उलट मदतीला येतं. सी-४१ या रंगीत फिल्म धुण्याच्या पद्धतीला ३८ अंश आणि डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं लागतात. नागपूरच्या मे महिन्यात पाणी तापवायचं काम गच्चीवरची टाकीच करते. पण चूक माफ करण्याची या पद्धतीची ताकद कमी, रसायनं महाग आणि कमी टिकाऊ. म्हणून पहिले वीस रोल ब्लॅक अँड व्हाइटच धुवा.

डेव्हलपर तयार मिळाला नाही तर कोडॅकच्या डी-७६ चं सूत्र कित्येक दशकांपासून सर्वांसाठी खुलं आहे. ५० अंशांच्या आसपासचं ७५० मिली पाणी, त्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि मग पाणी घालून एक लिटर. क्रम महत्त्वाचा. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, म्हणून चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, आणि त्यानंतर बाकीचं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर, इतर शहरांत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे ही नावं नवी नाहीत. काठोकाठ भरलेल्या बाटलीत हे द्रावण सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत महिनाभर. मेटॉलनं काहींच्या हाताला पुरळ येतं, तेव्हा हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं यात वापरू नका. वापरलंच तर ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० घ्या, बॅटरी संपली तरी शटर चालतं. कॅनन एई-१ देखणा आहे, पण सहा व्होल्टची बॅटरी नसेल तर ठोकळा. घेण्यापूर्वी मागचं दार उघडून एका सेकंदाचा वेग लावून पाहा. वंगण सुकलं असेल तर शटर अडखळतं किंवा अर्ध्यात थांबतं. लेन्सवर टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. मुंबई-कोकणातल्या कपाटात वीस पावसाळे काढलेल्या लेन्सला ते असतातच. साठच्या दशकातला कॅनोनेट क्यूएल१७ किंवा मिनोल्टा एसआरटी मिळाला तर एक खोच लक्षात ठेवा: त्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले आहेत आणि ती आता बनत नाही. दीड व्होल्टची बसवली की मीटर खोटं सांगतो. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्ट देते आणि चालून जाते. मीटर मेलेलाच असेल तर ४०० आयएसओच्या फिल्मला लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटरचा वेग १/५०० सेकंद, पावसाळी ढगात त्याच वेगाला एफ ५.६. शंका आली तर एक स्टॉप जास्त प्रकाश द्या. निगेटिव्ह जादा प्रकाश पचवते, कमी प्रकाशात मात्र सावलीत काही उरतच नाही.

आता आक्षेपांकडे. महाग आहे, हा पहिला. हो, आहे. आपल्याकडे येणारा रोल बहुधा अमेरिकेतल्या रॉचेस्टरहून, इंग्लंडातल्या मॉबर्लीहून किंवा चेक देशातल्या फोमाच्या कारखान्यातून येतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये, १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात, ‘इंदू’ नावाची फिल्म आणि कागद बनत असे. बडोद्यात जुळणारा अॅग्फा क्लिक थ्री, १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो, इतक्या स्वस्तात गावोगावी फोटोग्राफी पोहोचली होती. ते दिवस परत येणार नाहीत, आणि त्यासाठी सरकारनं पुन्हा कारखाना काढावा असं म्हणणं वेडेपणा ठरेल. पण महागाई हे घरी धुण्याच्या बाजूचं कारण आहे, विरुद्धचं नव्हे. लॅबची धुलाई आणि स्कॅन वजा केलं तर खर्चाचा मोठा भाग गळतो. स्वतः मिसळलेल्या डेव्हलपरचा एका रोलमागचा खर्च चहा-भज्यांएवढा पडतो.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरलेली असते आणि ती गटारात सोडणं चूकच. हौशी माणसानं ते कॅनमध्ये साठवावं, त्यात भांडी घासायची साधी लोखंडी तारेची घासणी टाकून आठवडाभर ठेवावं; लोखंड विरघळतं, चांदी गाळ होऊन तळाशी बसते. स्टीलची चकचकीत घासणी या कामाची नाही. दहा माणसांनी दहा घरी हे करण्यापेक्षा एका जागी झालं तर बरं, आणि सामायिक डार्करूमची गरज मला इथूनच पटते.

तिसरा आक्षेप, डिजिटल सरस आहे. बातमीसाठी, लग्नासाठी, कमी उजेडासाठी, पक्ष्यांसाठी नक्कीच सरस आहे. तिथे फिल्म वापरा असं सांगणारा माणूस एकतर हौशी आहे किंवा विक्रेता. प्रश्न कामाचा नाहीच, शिकण्याचा आणि रमण्याचा आहे.

टाकी घरात मावते, पण प्रिंट काढायला काळोखी खोली लागते, आणि ती प्रत्येकाच्या वन बीएचकेत कुठून येणार? पॅरिसमध्ये १८३९ साली फोटोग्राफी जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिलीसुद्धा. उपकरणं महाग, ज्ञान थोडं, म्हणून माणसं एकत्र आली. आज पुन्हा नेमकी तीच परिस्थिती आहे. कला महाविद्यालयांत, पत्रकारितेच्या विभागांत डार्करूम होत्या. अनेक ठिकाणी आता तिथे जुने संगणक रचलेले आहेत. सहा बाय आठ फुटांची खोली, एक एक्झॉस्ट पंखा, तीन ट्रे, एक लाल दिवा आणि निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारा एक एन्लार्जर. नळ आतच हवा असंही नाही, प्रिंट बादलीतून बाहेर नेता येतात. बंद पडलेल्या स्टुडिओंचे एन्लार्जर भंगारात लोखंडाच्या भावानं जातात. विकत घ्यायला वेगळं अनुदान लागत नाही, चौकशी लागते. लाल दिव्याची एक परीक्षा मात्र घ्या, कारण गणपतीच्या रोषणाईतले लाल बल्ब बरेचदा लबाड निघतात. फोटोच्या कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि तो तुकडा डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा बाद.

शिकवायची सुरुवात एन्लार्जरनं करू नये. आधी कॉन्टॅक्ट शीट. सहा-सहा चौकटींच्या सहा पट्ट्या आठ बाय दहाच्या कागदावर बसतात. वर काच, क्षणभर उजेड, प्लास्टिकचा थर असलेल्या फोटोच्या कागदाला डेव्हलपरमध्ये एक मिनिट, स्टॉपमध्ये दहा सेकंद, फिक्सरमध्ये एक मिनिट. छत्तीस निर्णय एका पानावर, एकाच प्रकाशात. कुठली चौकट पातळ, कुठली दाट, हे तिथे लपत नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला संपादन म्हणजे काय हे समजावायला माझ्या मते याहून स्वस्त साधन नाही.

अशा खोल्यांना आणखी एक काम आहे आणि त्याची घाई आहे. तालुक्याच्या गावातले तीस-चाळीस वर्षांचे स्टुडिओ बंद होताहेत. प्रत्येकाकडे पाकिटांवर नंबर घातलेल्या निगेटिव्ह आहेत, तोच नंबर गावातल्या कुणाच्या तरी भिंतीवरच्या फोटोमागे शाईनं लिहिलेला आहे. एक्स-रेसारखीच ही फिल्मही चांदीसाठी घेणारे घेऊन जातात, आणि काचेच्या प्लेटांवरचा थर खरवडून त्या काचा फोटोफ्रेमला लावल्या गेल्याचं जुने लोक सांगतात. हा गठ्ठा कुठल्या ग्रंथालयात आलाच, तर तो हाताळणारं माणूस हवं. ज्याचे हात कधी ओले झाले नाहीत, ते माणूस घाईघाईनं स्कॅन करून मूळ टाकून देईल. पेटी उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा पाया कुजू लागला आहे. ती पाकिटं इतरांपासून ताबडतोब वेगळी ठेवा. चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नका. कागदी पाकिटं चांगली, प्लास्टिकची बंद पिशवी पावसाळ्यात घात करते. काचेच्या प्लेटा ताटांसारख्या एकावर एक रचू नका, खालच्या फुटतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

आणि हाफ प्लेट या मोठ्या आकाराची काचेची निगेटिव्ह हाती आली तर तिला एन्लार्जर लागतच नाही. थराची बाजू कागदाला टेकवून काच ठेवा, चार फुटांवरचा साधा बल्ब दोन सेकंद लावा, कागद ट्रेमध्ये सोडा. आधी गडद भाग येतात: केस, कोटाची कड, खुर्चीचा पाय. कपाळावरचं कुंकूही लवकर उमटतं, कारण त्या काळच्या बहुतेक प्लेटांना लाल रंग दिसतच नसे आणि तो काळाभोर येतो. चेहरा सगळ्यात शेवटी.